वाळलेला शेंदूर

१

दुर्बिणीची पेटी व्हरांड्यातल्या मेजावर उघडी पडली होती आणि आत हिरव्या मखमलीची रिकामी खोबण तेवढी उरली होती.

बोरटेकच्या बंगल्यावर मंगळवारचा पहिला चहा नुकताच आला होता. वासुदेवरावांनी कप खाली ठेवला, चष्मा पुसला, खोबणीतून एकदा बोट फिरवले आणि कप पुन्हा उचलला. रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामांवर ओव्हरसियर म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला वस्तू नाहीशा होण्याचे नवल उरत नाही. नवल उरत नाही, पण कंटाळा मात्र उरतो. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी हवापालट सांगितला, जुने स्नेही भैयाजी यांनी आग्रहाने बोलावले, म्हणून ते नागपूरहून इथे आले होते. विश्रांती हवी होती. आता ती मिळणार नाही, हे त्यांना त्या रिकाम्या मखमलीकडे पाहताच कळले.

बंगला भैयाजींच्या वडिलांनी बांधलेला. घराण्याचा कापसाचा धंदा वर्ध्याला होता. तो आटोपल्यावर भैयाजींनी बंगल्याच्या खोल्या हिवाळ्यात पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुणे येत ते हवेसाठी, तलावातल्या होडीसाठी, गिरडच्या टेकडीसाठी, हुरड्यासाठी. आणि सगळ्यांत अधिक या दुर्बिणीसाठी. तीन नळ्यांची पितळी दुर्बीण, मिटली की हातभर. व्हरांड्यातून ती लावली की तलावापलीकडच्या माळावरचे काळवीट कान हलवताना दिसत.

"काल रात्री पेटी मी स्वतः इथे आणून ठेवली," भैयाजी म्हणाले. पन्नाशी उलटलेला, खादीतला, मऊ बोलणारा माणूस. "दुर्बीण आत होती. सकाळी ही अशी."

"रात्री व्हरांड्यात कोण निजते?" पायरीवरून प्रश्न आला. विचारणारे नत्थूजी. बोरटेकमधले सर्वांत मोठे कास्तकार. बंगल्याला दूध त्यांचे, बैलगाड्या त्यांच्या, हुरड्याचे शेतही त्यांचेच.

उत्तर चहाचा ट्रे हातात घेऊन उभे होते. श्रावण. बंगल्याचा चौकीदार, आणि पाहुणे असतील तेव्हा स्वयंपाकीही.

"मी निजतो जी," श्रावण म्हणाला. "मले रात्री काईच आवाज नाई आला."

"कसा येईन? करणाऱ्याले आपलाच आवाज येते काय कधी?" नत्थूजी पायरीवर नीट बसले. "भैयाजी, मी तुमाले दिवाळीपासून सांगून राह्यलो. एकाले घरात घेतलं का मागं पुरी बस्ती येते. विहीर त्यायची झाली, आता दुर्बीण झाली. फाटक बंद करा. गाव तुमच्या मागं आहे."

गोष्ट दुर्बिणीची नव्हतीच, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्याच क्षणी समजले. मागच्याच्या मागच्या दसऱ्याला श्रावणच्या बस्तीतले लोक नागपूरला जाऊन बौद्ध झाले. परत आल्यावर त्यांनी गावाची मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाने त्यांचे बलुते थांबवले. गावची विहीर त्यांना कधीच मोकळी नव्हती आणि नाला पौषात आटतो. उरली ती बंगल्याची, फाटकाच्या आतली विहीर. भैयाजींच्या वडिलांनी चळवळीच्या दिवसांत ती सर्वांसाठी उघडली होती आणि तसा दगड तिच्या काठावर कोरून बसवला होता. सगळी बस्ती त्याच पाण्यावर होती.

भैयाजींनी डोळे मिटले. "नत्थूजी, जातीसाठी मी विहीर बंद करणार नाही. ते माझ्याने व्हायचे नाही. पण चोरी झाली असेल तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. "उद्यापर्यंत वाट पाहू. नाहीतर ठाण्यावर वर्दी, आणि फाटकाला कुलूप."

श्रावण रिकामे कप ट्रेवर गोळा करू लागला.

२

वासुदेवरावांची पद्धत कामावरचीच होती. आधी पाया, मग भिंत. त्यांनी कारभारी बापूरावांना बागेतल्या बाकावर बसवले.

बापूराव म्हणजे बंगल्याचा बोलका भाग. पाहुण्यांना हिंडवायचे काम त्यांचे. कालचीच गोष्ट: सोमवारी सकाळी त्यांनी वासुदेवरावांना आणि दुसऱ्या पाहुण्या विमलाबाईंना बैलगाडीने गिरडला नेले होते. टेकडीच्या पायऱ्या चढताना त्यांनी तिथल्या गोल दगडांची कथा सांगितली होती: व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या गोण्यांतल्या सुपाऱ्या, जायफळे, नारळ, सगळ्याचे दगड झाले. त्या दगडांत कोणती खनिजे असतात हे वासुदेवरावांना ठाऊक होते. पण चढणे आणि दुसऱ्याची चूक काढणे या दोन्ही गोष्टींना दम लागतो. त्यांनी चढणे पत्करले होते.

"सोमवारी दिवसभर मी तुमच्यासंगच होतो, साहेब," बापूराव म्हणाले. "श्रावणही होता. डबे त्यानंच उचलले. विमलाबाईची छत्री बी त्यानंच धरली."

"मग तुमचा त्याच्यावर संशय आहे का?"

"माया संशय काऊन राहीन? आठ-दहा वर्ष झाले, चमचा इकडचा तिकडे नाई झाला." बापूरावांनी आवाज खाली आणला. "पण नत्थूजीचा आहे. आन् बैलगाड्या नत्थूजीच्या आहेत. नत्थूजी बिघडला तं पाहुण्याले जाम गावच्या मोटारीच्या फाट्यावरून मी काय पाठीवर आणू?"

"असे तो बोलला का कधी?"

"मायाजवळ नाई बोलला. भैयाजीजवळ बोलला असंन तं मले मालूम नाई." बापूराव उठू लागले. "उद्याचा हुरडा ठेवाचा का रद्द कराचा, तेवढं सांगजा. मडकी आणली आहेत."

विमलाबाई पेरूच्या झाडाखाली विणत बसल्या होत्या. नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका; विधवा, आणि कुणाचा मुलाहिजा न ठेवणाऱ्या.

"मला विचारायला इतका वेळ लावलात," त्या म्हणाल्या. "काल टेकडीवरून परतलो, तेव्हा सूर्य मावळायचा होता. मी म्हटले, काळवीट पाणवठ्यावर आले असतील, दुर्बीण द्या. भैयाजी म्हणाले, दव पडू लागले, भिंगे खराब होतील, पेटीत ठेवून दिली आहे."

"पेटी तुम्ही पाहिलीत?"

"बंद पाहिली. बंद पेटीत काय आहे हे उघडल्यावाचून सांगू नये, असे मी मुलींना शिकवते." सुया थांबल्या. "थंडी होती, हे मान्य. पण दव? माझी पदराची कड कोरडी ठणठणीत होती."

एवढ्यात फाटकाशी गलका उठला. बस्तीची झडती घ्यायला माणसे निघाली होती.

३

भैयाजी पुढे झाले आणि हात जोडून सर्वांना म्हणाले, "झडती माझ्या देखत होईल. कोणाला धक्काबुक्की नको. आणि एक सांगून ठेवतो, कडुनिंबाखालच्या त्यांच्या देवाच्या दगडाला कोणी हात लावू नका. श्रद्धेची जागा आहे."

नत्थूजींनी चालता चालता मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. त्या दगडाची आठवण तोवर कोणालाच झाली नव्हती.

बस्ती तलावाच्या खालच्या अंगाला होती. मातीची घरे, अंगणात तुरीच्या काड्यांचे ढीग. एकेक घर पाहिले गेले. गोधड्या उलगडल्या, मडकी उतरवली, ज्वारीच्या कणगीत काठी घातली. पूर्वी देव असत त्या कोनाड्यांत आता चौकटीतल्या तसबिरी होत्या. त्यांच्या मागेही पाहिले. श्रावणची बायको तानाबाई दाराला पाठ लावून उभी होती आणि आपल्या घरातली एकेक वस्तू बाहेर येताना मोजल्यासारखी पाहत होती. ती एकदाच बोलली: "ते मडकं सवकाशीनं. पाण्याचं आहे."

काही सापडले नाही.

"दगड राह्यला," नत्थूजी म्हणाले.

"मी काय सांगितले होते?" भैयाजी म्हणाले, पण पुढे होऊन त्यांनी कोणाला अडवले नाही.

कडुनिंबाखाली कमरेएवढा दगड होता आणि तो लालभडक होता. शेंदराचा ताजा थर उन्हात चमकत होता. माणसांत कुजबुज झाली.

"पाहा," नत्थूजी शांतपणे म्हणाले. "लोकायले सांगाले बुद्ध, आन् अंधारात मरीमायले शेंदूर. अशा माणसाच्या शबदावर काय भरोसा ठेवता?"

"आमी नाई लावला," श्रावण म्हणाला. "आमचा आता इथं कोणी नाई, नत्थूजी. हा निस्ता गोटा आहे."

"मंग उचल गोटा."

दगडाला दुसरे कोणी हात लावणार नव्हते. श्रावणने दोन्ही हातांनी तो धरला, गुडघ्याने रेटला आणि एका अंगावर कलता केला. मागच्या कपारीत गोणपाटाची गुंडाळी होती. गोणपाट सुटले आणि पितळ चमकले.

मग भैयाजी पुढे आले आणि फार दुःखाने म्हणाले, "श्रावण, तू मागितली असतीस तर मी दिली असती."

श्रावणने त्यांच्याकडे पाहिले. तानाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि घरात जाऊन दार लावून घेतले.

माणसे परत फिरली. उद्या ठाण्यावर वर्दी, उद्याच फाटकाला कुलूप, सगळे वाटेतच ठरून गेले. वासुदेवराव गुडघ्यांमुळे मागे राहिले होते. निघण्यापूर्वी त्यांनी, केवळ सवयीने, दगडावर आडवे बोट ओढले. ओल्या रंगाची जागा सोडून चालायची सवय असते तशी रंग वाळला की नाही ते पाहण्याचीही असते.

त्यांनी बोट उन्हात धरले. बोट स्वच्छ होते.

४

देवाला शेंदूर लावतात तो तिळाच्या तेलात कालवून. तो महिनोन्‌महिने चिकट राहतो; देवळात जाऊन आलेल्या माणसाची बोटे म्हणूनच लाल असतात. आणि तो लावतात हाताने. बोटांचे ओघळ त्यावर दिसतात.

वासुदेवरावांनी खिशातला चाकू काढला आणि दगडासमोर बैठक मारली. परत उठताना काय हाल होतील हे त्यांना ठाऊक होते. थरावर बारीक समांतर रेघा होत्या, सगळ्या एका रुंदीच्या पट्ट्यांत. एका रेघेत कुंचल्याचा राठ केस अडकून वाळला होता. त्यांनी कडेला चाकूचे टोक लावले. थर कपच्यासारखा निघाला. खाली राखाडी धूळ, कडुनिंबाची चुरा झालेली पाने, बकरीचे केस. आणि त्याच्याही खाली फार जुना, फुटलेला, चिकट शेंदूर. कोणीही भाविक, तो कोणत्याही जातीचा असो, देवाला आधी आंघोळ घालतो आणि मग शेंदूर चढवतो. इथे लावणाऱ्याने धुळीवरच रंग फासला होता.

"काय खरडून राह्यले जी?"

तानाबाई मागे उभी होती. तिच्या आवाजात आदर होता आणि विश्वास मुळीच नव्हता.

"हा दगड तुम्ही ठेवलात कशाला?" त्यांनी विचारले.

"घरातले देव नदीत सोडले. हा उचलला नाई गेला. मंग राहू देला. बकरी बांधतो याले." तिने दगडाच्या कमरेला घासून पडलेली दोरीची खूण दाखवली. "देवाले कोणी बकरी बांधते काय?"

"लाल कधी दिसला?"

"काल, सोमवारी. कापूस वेचून घरी आली, दिवस बुडाचा होता. पाहतो तं गोटा लाल. म्हटलं, गावातल्या कोणाचा नवस असंन, लपून फेडला असंन. आमी काऊन इचारू?"

"त्या दिवशी बस्तीत कोण होते?"

"कुत्रं बी नव्हतं. लेकरं-बाळं समदे वेचणीले. नत्थूजीच्याच वावरात." ती किंचित हसली. त्या हसण्यात मजा नव्हती. "कापूस वेचाले आमचा हात चालते, साहेब. पाण्याले नाई चालत."

"आणि नत्थूजी स्वतः?"

"धुऱ्यावर. वावराच्या काठाले छत्री लावून बसला होता सकाळपासून. मुताले उठला तेवढाच." ती थांबली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्यानं हे नाई केलं, साहेब. तो या झाडाच्या सावलीत बी येत नाई. आज आला ते पयल्यांदा. मायं त्याच्यावर काई प्रेम नाई, पण खोटं कसं सांगू?"

वासुदेवराव तिथेच बसून राहिले. सोमवारी दिवसा. ते स्वतः, विमलाबाई, बापूराव आणि श्रावण गिरडच्या टेकडीवर. बस्ती वावरात. नत्थूजी धुऱ्यावर. त्यांनी मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला, कारण आलेले उत्तर त्यांना नको होते. हिशेब तसाच आला.

"मला जरा हात देता का?" ते म्हणाले. "उठवत नाही."

तानाबाईने क्षणभर त्यांच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिले, आणि हात दिला.

५

लोखंडी होडी तलावाच्या काठी दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली होती. गंज लागू नये म्हणून दर हिवाळ्यात भैयाजी तिला स्वतः रंग देत. तो त्यांचा छंदच होता. आधी अस्तर, मग वरचा रंग. आणि लोखंडाचे अस्तर म्हणजे शेंदूरच, मात्र उकळलेल्या जवसाच्या तेलात कालवलेला. वासुदेवरावांनी अशा अस्तराचे पुलांचे पूल रंगवून घेतले होते. ते दगडासारखे वाळते. म्हणून रोज लागेल तेवढेच कालवायचे, उरलेले दुसऱ्या दिवशी कामाचे नसते.

होडीच्या निम्म्या अंगाला अस्तर होते. रविवारी भैयाजींनी आणि त्यांनी मिळून ते दिले होते आणि जिथे थांबले, तिथे वासुदेवरावांनी खडूची रेघ मारली होती. रेघ तशीच होती. तिच्यापुढे अस्तराचा एक ठिपकाही नव्हता.

शेजारी अस्तर कालवायची थाळी पडली होती. रविवारी ती वासुदेवरावांनीच रॉकेलने पुसून ठेवली होती, कारण भैयाजी कधी पुसत नसत. आता तिच्या तळाशी लाल खळ वाळून बसली होती. कुंचलाही तिच्यातच वाळून काठीसारखा झाला होता. त्यांनी दगडावरून आणलेला कपचा थाळीतल्या खळीशेजारी धरला. रंगात फरक नव्हता.

"चहाला थांबलो आहोत," मागून भैयाजींचा आवाज आला.

"सोमवारी तुम्ही टेकडीवर आला नाहीत," वासुदेवराव मागे न वळता म्हणाले. "म्हणालात, होडीचे राहिलेले अंग पुरे करतो. आम्ही परतलो तेव्हा तुमच्या धोतरावर लाल शिंतोडे होते. मी विचारले, किती झाले? तुम्ही म्हणालात, बरेच झाले."

भैयाजींनी धोतराचा सोगा सारखा केला.

"अस्तर कालवले गेले. होडीला लागले नाही. मग ते कुठे लागले, एवढेच पाहायचे उरले होते. विमलाबाईंनी दुर्बीण मागितली तेव्हा ती पेटीत नव्हतीच. दगडाची आठवणही तुम्हीच करून दिलीत, हात लावू नका असे सांगून." आता ते वळले. "भैयाजी, मला फार थकवा आला आहे. नाही म्हणू नका. पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगायला लावू नका."

भैयाजी ओंडक्यावर बसले. तलावावर एक बगळा उभा होता तो उडाला.

"नत्थूजी दिवाळीत येऊन सांगून गेला," ते म्हणाले. "विहीर बंद करा, नाहीतर दूध बंद, गाड्या बंद. पाहुणे येतात म्हणून हे छप्पर उभे आहे. मग मी काय करायचे होते? वडिलांचा दगड विहिरीवर आहे. त्या दगडापुढे उभा राहून त्या बायकांना मी काय सांगू, की आता तुम्ही येऊ नका? मला सभांना बोलावतात, वासुदेवराव. त्या विहिरीवर मी भाषणे दिली आहेत."

"म्हणून कारण हवे होते."

"जातीचे नसलेले कारण हवे होते. ठाण्याचे मी नुसते बोललो. वर्दी देणार नव्हतो. श्रावणला दोन दिवसांनी माफ केले असते, कामावरही ठेवला असता."

"आणि शेंदूर कशाला?"

भैयाजींनी खरोखरच गोंधळून पाहिले. "दगड हलवल्याची खूण झाकायला. शिवाय ते लावतातच की. सगळे म्हणतात, उघड सोडले तरी लपून करतात. इतक्या पिढ्यांचा देव असा एका दिवसात कुठे सुटतो? मी जन्मभर या लोकांत वावरलो आहे, मला वाटले..."

"त्या दगडाला बकरी बांधतात," वासुदेवराव म्हणाले.

भैयाजींचा चेहरा हळूहळू उतरत गेला. चोरी उघडी पडल्यावर तो उतरला नव्हता.

"मी सांगतो सगळ्यांना," ते शेवटी म्हणाले. "सांगतो की गैरसमज झाला. श्रावणला माफ केले."

"त्याने काय केले आहे, माफ करायला?"

"मग काय सांगू?"

"जे होडीला लागले नाही, ते कुठे लागले, ते सांगा. आज. नाहीतर चहा घेऊन मी सांगेन, आणि मला ते तुमच्याहून वाईट सांगता येईल."

६

भैयाजींनी सांगितले. सायंकाळी, विहिरीच्या काठावर, बस्ती आणि गाव दोन्ही उभे असताना. त्यांचे सभांतले शब्द त्या वेळी आले नाहीत. अडखळत, जमिनीकडे पाहत त्यांनी ते चार वाक्यांत उरकले. "दुर्बीण मीच ठेवली. शेंदूरही मीच लावला. श्रावणचा काही दोष नाही. विहीर उघडी राहील."

विमलाबाईंनी विणकाम पिशवीत घातले आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. बापूराव हातातल्या टोपीकडे पाहत राहिले.

नत्थूजी उठले. "मले तं हे मालूम नव्हतं," ते म्हणाले, आणि ते खरेच होते. "मी जे बोलतो ते तोंडावर बोलतो, भैयाजी. तुमच्यासारखं मले नाई जमत." ते फाटकापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "उद्यापासून दूध नाई. गाड्या बी नाई. हुरड्याचं तुमी पाहा."

श्रावण आणि तानाबाई सगळ्यांत शेवटी निघाले. भैयाजी श्रावणजवळ गेले, हात जोडले. श्रावणने मान हलवली. ती होकाराची की नुसती, हे कोणाला कळले नाही.

काम झाले होते. चोर सापडला, आळ गेला, विहीर राहिली. वासुदेवराव त्या रात्री लवकर निजले.

सकाळी त्यांना जाग आली ती शांततेने. बोरटेकला आल्यापासून रोज पहाटे विहिरीची कप्पी करकरत असे, बायका आपसात भांडत, हसत. त्या आवाजावरच त्यांचा डोळा उघडे. ते शाल पांघरून बाहेर आले. फाटक सताड उघडे होते. विहिरीच्या काठावर भैयाजी उभे होते. त्यांनी स्वतः नवा दोर कप्पीवर चढवला होता, बादली बांधली होती, आणि ते बस्तीच्या वाटेकडे पाहत होते.

"अजून आल्या नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही जरा पाहता का? कदाचित फाटक उघडे आहे हे त्यांना माहीत नसेल."

वासुदेवराव वाट उतरून गेले. बस्तीत बायका नव्हत्या. त्या खूप खाली, नाल्यात होत्या. कोरड्या वाळूत झिरे खणून बसल्या होत्या, आणि प्रत्येक झिऱ्याशी रिकाम्या मडक्यांची रांग होती. तानाबाई वाटीने पाणी उपसत होती. वाटी भरायची, मडक्यात ओतायची, आणि वाळूतून पुन्हा पाणी पाझरेपर्यंत हात गुडघ्यावर ठेवून बसायचे. श्रावण तिच्या शेजारी वाळू बाजूला सारत होता. तो बंगल्यावर कामाला गेला नव्हता.

"फाटक उघडे आहे," वासुदेवराव म्हणाले.

"हाव जी. दिसते इथून." तानाबाईने वाटी रिती केली. "तुमी आमचा आळ काढला. जलमभर याद राहीन. पण आज त्यानं उघडलं, उद्या त्याले पुन्हा कोणी दटावलं का तो पुन्हा कारण शोधीन. आमच्या लेकरायनं कितीक डाव चोर व्हावं, साहेब?"

"हे पाणी होळीपर्यंतही पुरणार नाही."

"मालूम आहे."

वर बंगल्याजवळ बापूराव कोणाची तरी सायकल मागून आणत होते. वासुदेवराव आजच नागपूरला परतणार होते; त्यांची सामानाची पेटी जामच्या फाट्यावर पोचवायची होती, मोटार सकाळचीच होती. गुडघे दुखत होते. नागपुरात घरची खुर्ची, वर्तमानपत्र, स्वस्थपणा.

त्यांनी नाल्याच्या काठाकडे नजर टाकली. काठाच्या मातीत वर काळी, तिच्याखाली पिवळट मुरूम, आणि एका जागी मुरमातून उंबराची मुळे बाहेर आली होती, ओली. ते त्या जागेकडे गेले, मुळांना हात लावून पाहिला, आणि बोटे एकमेकांवर घासली.

"श्रावण," त्यांनी विचारले, "ही जमीन कोणाची?"

"हे आमचंच आहे जी. इनामाची पट्टी. खडक आहे, पिकत काई नाई."

"खाली किती खडक आहे ते इथून सांगता येणार नाही," वासुदेवराव म्हणाले. "पाणी लागेलच असेही मी म्हणत नाही. पुष्कळदा लागत नाही." त्यांनी शाल काढून एका मडक्यावर ठेवली आणि सावकाश, काठाचा आधार घेत, खाली बसले. "चार खुंट्या आण, विहिरीची जागा आखू. आणि बापूरावांना वर जाऊन सांग, पेटी आज बांधू नका."

श्रावण गेला. तानाबाईने झिऱ्यात वाटी टेकवली. पाणी अजून आले नव्हते.